एसओपीतला फ्लोचार्ट आपोआप बदलावा म्हणून केलेली खटपट : कामाच्या नोंदी

३ जून, मंगळवार

सुरुवात कशी झाली ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी मलाच कोणी विचारेल हे उद्योग कोणी सांगितले होते म्हणून. आमचं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, काम कस्टम्स क्लिअरिंगचं. नवीन लागलेल्या मुलाने आज क्लायंटला फोनवर बिनधास्त सांगून टाकलं की जहाज लागल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं घोषणापत्र, भरली तरी चालते. आमचे जुने जाणकार काका शेजारीच बसलेले, त्यांनी चहा तसाच ठेवला आणि त्याच्या हातातून फोनच घेतला. हा नियम २०२१ लाच बदललाय, आता जहाज यायच्या आदला दिवस संपायच्या आत भरायची आणि मधे सुट्टी आली तरी ती मोजायची, उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोजचे ५,००० रुपये दंड आणि त्यानंतर रोजचे १०,०००. हवाई मालाचं वेगळं, पण हा माल न्हावा शेवाचा होता.

पोराची चूक नाहीच, त्याने आमचीच एसओपी, म्हणजे काम कसं करायचं ते पायरीपायरीने लिहिलेला कागद, वाचून सांगितलं. गंमत म्हणजे एसओपीच्या चौथ्या पानावर मजकुरात नियम बरोबर आहे, कोणीतरी तेव्हाच दुरुस्त केलाय. सहाव्या पानावरचा फ्लोचार्ट मात्र तसाच राहिला, कारण तो फ्लोचार्ट नाहीच, स्क्रीनशॉट आहे. मूळ फाइल ज्याने बनवली तो नोकरी सोडून गेला आणि त्याचा कॉम्प्युटर फॉरमॅट झाला. आणि पोरगं काय वाचणार, चार पानं मजकूर का चित्र? चित्रच.

मॅडम म्हणाल्या, "एकदाच बदलायचं आणि सगळीकडे बदललं पाहिजे, असं काहीतरी कर." बोलायला सोपं आहे.

५ जून

मोजदाद केली. शेअर्ड फोल्डरमध्ये एकूण ११ फ्लोचार्ट सापडले, त्यातला आयातीचा मुख्य फ्लोचार्ट पाच ठिकाणी आणि पाचही वेगवेगळे. वर्डमध्ये तीन, क्लायंटला दाखवायच्या पॉवरपॉइंटमध्ये एक, आणि एक चक्क एक्सेलमध्ये चिकटवलेला. एकात अजून असेसमेंट, म्हणजे शुल्काची तपासणी-आकारणी, आपल्याच कस्टम हाउसचा अधिकारी करतो असं आहे, फेसलेस असेसमेंट देशभर लागू होऊन २०२० पासून इतका काळ गेला तरी. आता न्हावा शेवाच्या मालाची बिल ऑफ एंट्री दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो, त्याला भेटायला जाता येत नाही, त्याची क्वेरी, म्हणजे शंका, आली की आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवरून उत्तर द्यायचं. म्हणजे चार्टमधला "अधिकाऱ्यास भेटणे" हा डबा वाचून हसावं का रडावं कळेना.

९ जून, सोमवार

पहिला प्रयत्न एक्सेलमध्येच केला. सगळ्यांकडे आहे, नवीन काही विकत घ्यायला नको. एक्सेलमधल्या शेपवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह टाकून सेलचा पत्ता दिला की त्या सेलमधला मजकूर शेपमध्ये दिसतो, सेल बदलला की डब्यातला मजकूरही बदलतो. मग तो भाग कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट स्पेशल, पेस्ट लिंक. अर्ध्या तासात मला वाटलं संपलं काम, मॅडमना दाखवलं पण.

दुपारी मॅडमनी विचारलं मधे एक पायरी घालायची असेल तर? तिथेच गाडी अडली. डब्यातला मजकूर बदलतो पण डबे बदलत नाहीत, एक पायरी वाढली की खालचे चौदा डबे हाताने सरकवा, बाण परत जोडा. शिवाय वर्डमधली लिंक ठरावीक रांगांचीच असते, चार्ट खाली वाढला तर तो तळाशी कापला जातो. त्यावर उपाय आहे, त्या भागाला नाव द्यायचं आणि लिंकमध्ये रांगांच्या जागी ते नाव घालायचं, पण मूळ दुखणं तसंच राहतं. आपल्याला मजकूर बदलणारं चित्र नको होतं, यादीवरून स्वतःला काढून घेणारं चित्र हवं होतं.

मायक्रोसॉफ्टच्या आकृत्या काढायच्या व्हिझिओमध्ये हे आहे. एक्सेलच्या टेबलात पायरीचा क्रमांक, वर्णन, पुढच्या पायरीचा क्रमांक, बाणावरचा मजकूर आणि आकार भरला की डेटा व्हिज्युअलायझर त्यावरून चार्ट काढतो. पण आमच्याकडे ऑफिस २०१६, व्हिझिओ कोणाकडेच नाही, आणि अकरा चार्टसाठी लायसन्स हा विषय मी मॅडमसमोर काढला तेव्हा त्यांनी फक्त चष्म्यावरून बघितलं. टेबलाची कल्पना मात्र उचलली.

१२ जून

आज काकांना धरलं. काका आमचे न्हावा शेवाचे, तीसेक वर्षं हेच काम, आठवड्यातून दोनदा ऑफिसला येतात. उरणपर्यंत लोकल सुरू झाल्यापासून खुश आहेत, अटल सेतूबद्दल विचारलं तर "आपल्याला काय, आपली गाडी कुठाय" म्हणतात.

त्यांच्यासमोर एक्सेल उघडून पाच कॉलम केले : क्रमांक, पायरी, प्रकार, पुढे, अट. प्रकारात तीनच गोष्टी, काम, निर्णय आणि शेवट. निर्णय असेल तर त्याच्या दोन ओळी लिहायच्या, एक होय ची आणि एक नाही ची. काकांना वाटलं अवघड असेल, पण पंधरा मिनिटांत तेच मला शिकवायला लागले. "अरे बाबा, डीओ तू शेवटी कशाला टाकलायस? शिपिंग लाइनकडे डिलिव्हरी ऑर्डरच्या मागे आधीपासून लागावं लागतं, आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची कस्टम्सची परवानगी, मिळाल्यावर जागा झालास तर कंटेनर पडून राहील आणि भाडं तू भरणार का?" म्हणजे त्या पायऱ्या एकामागोमाग नाहीतच, समांतर आहेत. जुन्या पाचही चार्टमध्ये हे चुकीचं होतं, आणि नवीन कोणी आला की काका तोंडी सांगून दुरुस्त करत होते, कागदावर कधी आलंच नाही.

एक एक्सेलची खोड नोंदवून ठेवतो. काकांनी तिसऱ्या पायरीची पोटपायरी म्हणून ३-१ लिहिलं, एक्सेलने त्याची तारीख केली, जानेवारी का मार्च काहीतरी. मग टिंब देऊन बघितलं तर १.१० चं १.१ झालं, म्हणजे दहावी पोटपायरी पहिल्या पोटपायरीवर जाऊन बसली. शेवटी अक्षर लावलं, अ१, अ२, ब१. सुटलो.

१६ जून, सोमवार

पाऊस. कुर्ल्यापासून पुढे गाडी सरकेना, ऑफिसला पोचायला साडेअकरा. डब्यात उभ्या उभ्या ग्राफव्हिझ या चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल वाचलं, ते वाया गेलं नाही.

ग्राफव्हिझ फुकट आहे आणि बरंच जुनं आहे, एटी अँड टीच्या लॅबमधून आलेलं. त्याला साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सांगायचं की अ१ पासून अ२ ला बाण, अ२ हा चौकट, अ३ हा शंकरपाळा (निर्णयाचा आकार), आणि कुठला डबा कुठे ठेवायचा ते तो स्वतः ठरवतो. मग दुपारी पायथॉनमध्ये साठ-सत्तर ओळींची स्क्रिप्ट लिहिली, एक्सेलमधून टेबल वाचते, ती टेक्स्ट फाइल बनवते आणि ग्राफव्हिझला देऊन पीएनजी चित्र काढून घेते. एसव्हीजी आवडलं असतं, कितीही मोठं केलं तरी फाटत नाही, पण आमचं वर्ड ते घेत नाही. म्हणून पीएनजी, डीपीआय २००.

पहिलं चित्र आलं आणि मराठीची वाट लागलेली. मजकूर डब्याच्या बाहेर, काही ठिकाणी नुसते चौकोन. फॉन्ट सांगितला नाही तर तो टाइम्स धरून चालतो आणि टाइम्समध्ये देवनागरी कुठून येणार. निर्मला यूआय लावला, डबे सुधारले. पण बाणांवरचं होय आणि नाही अजून तसंच! अर्धा तास डोकं खाजवलं. तर फॉन्ट डब्यांना वेगळा, बाणांना वेगळा आणि अख्ख्या चित्राला वेगळा असा तीनदा सांगावा लागतो, एकदा सांगून भागत नाही. तीनदा सांगितला. "शुल्क" मधलं जोडाक्षर नीट दिसलं तेव्हा उठून चहा प्यायला गेलो.

१७ जून

दोन गोष्टी चित्राच्या.

काटकोनातले बाण हवे होते, ऑफिसातल्या लोकांना फ्लोचार्ट म्हणजे काटकोनच वाटतो. ग्राफव्हिझमध्ये ते आहे पण तसं केलं की बाणांवरची लेबलं सांभाळली जात नाहीत, तो स्वतःच कुरकुरतो की दुसऱ्या प्रकारचं लेबल वापरा, आणि ते वापरलं तर होय कुठल्या बाणाचं आणि नाही कुठल्याचं हे ज्योतिषालाच विचारावं लागतं. वळणदार बाणच ठेवले. मॅडम म्हणाल्या शेवया दिसतात. असू दे.

दुसरं, क्वेरीचा फेरा. असेसमेंटमध्ये क्वेरी आली तर उत्तर द्यायचं आणि परत असेसमेंटला जायचं, म्हणजे बाण उलटा वर जातो. तो एक बाण घातला की त्याच्या भानगडीत बाकीच्या डब्यांची जागा हलली, चार्ट एका बाजूला कलला. उलट्या बाणांना सांगायचं की तू जागा ठरवण्यात पडू नकोस, नुसता काढला जा, एका शब्दाची सेटिंग आहे. स्क्रिप्टमध्ये असं केलं की पुढची पायरी यादीत आधी आलेली असेल तर ही सेटिंग आपोआप लागते. काकांना हे माहीत असायची गरज नाही.

आणि एक कबुली. अख्खा आयात चार्ट एका पानावर बसवला तर ए४ वर अक्षरं मुंगीएवढी होतात, पानाच्या समासात सोळा सेंटिमीटरच रुंदी मिळते. तीन तुकडे केले : माल येण्याआधी, असेसमेंट ते ड्युटी, आणि तपासणी ते गेटमधून बाहेर. काकांनी तुकडे बघून सांगितलं की प्रत्यक्षात माणसंही तीनच असतात, ऑफिसात बसून भरणारा, क्वेरी सांभाळणारा आणि सीएफएसवर, म्हणजे कंटेनर ठेवायच्या-उघडायच्या जागेवर, उभा राहणारा. पानाच्या अडचणीने केलेली वाटणी नेमकी कामाच्या वाटणीवर बसली, मी हुशारीने केलं असं सांगायला हरकत नव्हती पण सांगितलं नाही.

२० जून

आता वर्ड. इन्सर्ट पिक्चरमध्ये बटणाच्या बाजूच्या बाणात लिंकचा पर्याय असतो तो आहेच, पण मी फील्ड, म्हणजे वर्डमधला बाहेरून माहिती आणणारा कोड, वापरलं, कारण काय चाललंय ते उघड दिसतं. कंट्रोल एफ९ दाबलं की महिरपी कंस येतात, त्यात इन्क्लूडपिक्चर लिहून फाइलचा पत्ता. ऑल्ट एफ९ ने चित्र आणि कोड यात अदलाबदल होते. कंट्रोल ए आणि एफ९ मारलं की सगळी चित्रं ताजी.

मी चित्र पानाला बसवून लहान केलं होतं, एफ९ मारल्यावर ते परत पानभर पसरलं. शेवटी मर्जफॉरमॅटचा स्विच लावला की आधीचं लहान-मोठं केलेलं प्रमाण राहतं. आणखी एक, कंट्रोल ए मध्ये हेडर, फूटर आणि टेक्स्टबॉक्स येत नाहीत, एका एसओपीत फ्लोचार्ट टेक्स्टबॉक्समध्ये होता आणि तो बदलतच नव्हता. बाहेर काढला.

खरं "आपोआप" व्हायला अजून एक सेटिंग चालू केली, ऑप्शन्समध्ये डिस्प्लेखाली प्रिंट करण्याआधी फील्ड अपडेट करा असं आहे. मला नेमकं हेच हवं होतं, कारण आमच्याकडे एसओपी स्क्रीनवर कोणी वाचत नाही, प्रिंट काढून भिंतीला लावतात. ही सेटिंग मात्र कॉम्प्युटरमागे वेगळी, फाइलबरोबर जात नाही. नऊ कॉम्प्युटरवर जाऊन टिक केलं.

२३ जून, सोमवार

सकाळी सकाळी अकाउंट्सच्या ताईंचा फोन, "अरे, फ्लोचार्टच्या जागी लाल फुली आलीये, लिहिलंय फाइल हलवली किंवा नाव बदललं." कोणी हलवली नव्हती. माझ्याकडे शेअर्ड फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला आहे, त्यांच्याकडे वाय. मी पत्त्यात झेड लिहिलेलं. ड्राइव्हचं अक्षर काढून सर्व्हरचं नाव टाकलं. फील्डमध्ये प्रत्येक उलटी तिरकी रेघ दोनदा द्यावी लागते, म्हणजे सर्व्हरच्या नावाआधीच्या दोन रेघांच्या चार होतात. मी तीन दिल्या होत्या. वीस मिनिटं गेली, त्यात ताईंनी जेवणाचा डबा उघडून मला कोथिंबीर वडी दिली म्हणून तक्रार नाही.

पॉवरपॉइंटमध्ये असली फील्ड नसतात, तिथे चित्र लिंक करूनच घातलं.

१ जुलै, मंगळवार

आज वाईट दिवस. सगळं लिहून ठेवतोय.

स्क्रिप्ट विंडोजच्या टास्क शेड्युलरला लावली होती, दर पंधरा मिनिटांनी चालते, एक्सेल बदललेली असेल तर चित्र नवीन. काकांनी सकाळी दुसऱ्या तुकड्यात एक पायरी घालायला घेतली, ओळ टाकली, सेव्ह केली, पुढे चा कॉलम भरायच्या आधी त्यांना शेडमधून फोन आला आणि ते निघून गेले. पंधरा मिनिटांत चित्र बदललं. ड्युटी भरण्याच्या आधीची साखळी तुटलेली, एक डबा कडेला एकटाच लटकलेला, आणि वाचणाऱ्याला वाटावं की असेसमेंट झालं की विषय संपला, ड्युटीबिटी काही नाही. साडेअकराला मॅडमनी तीच एसओपी पीडीएफ करून एका क्लायंटला पाठवली. पीडीएफ करतानाही फील्ड ताजी झाली होती. क्लायंटचा माणूस चांगला, त्याने हसत विचारलं, "ड्युटी माफ झाली का हो?"

मॅडम माझ्यावर चिडल्या नाहीत हे जास्त लागलं. म्हणाल्या, "आधी चित्र जुनं असायचं, पण निदान पूर्ण असायचं."

बरोबर बोलल्या. मी महिनाभर आपोआपच्या मागे लागलो होतो आणि अर्धवट टाइप केलेली ओळसुद्धा तितक्याच आपोआप क्लायंटपर्यंत जाईल हा विचारच केला नाही.

४ जुलै

स्क्रिप्टला तपासणी शिकवली. शेवट सोडून प्रत्येक पायरीला पुढे हवंच. पुढे मध्ये लिहिलेला क्रमांक यादीत सापडला पाहिजे. निर्णयाला कमीत कमी दोन वाटा, आणि दोन्हींवर अट लिहिलेली. पहिली सोडून प्रत्येक पायरीकडे कुठून तरी बाण आला पाहिजे, नाहीतर ती लटकलेली. यातलं एकही चुकलं तर जुनं चित्र हलवायचं नाही, फोल्डरमध्ये "अडचण" नावाची टेक्स्ट फाइल टाकायची आणि त्यात मराठीत लिहायचं कुठली ओळ आणि काय कमी आहे. आणि चित्र आधी दुसऱ्याच नावाने बनवायचं, पूर्ण झालं की मग जुन्याच्या जागी ठेवायचं, म्हणजे कोणी नेमका त्याच सेकंदाला प्रिंट मारली तरी अर्धी फाइल हाताला लागणार नाही.

तपासणी चालू करताच जुन्या चार चार्टमध्ये चुका सापडल्या, त्यात एक शंकरपाळा असा की ज्यातून फक्त होय निघतं. कंटेनरचं सील तुटलेलं आहे का? होय तर सर्व्हे करा. नाही तर? त्याबद्दल कागद गप्प. इतकी वर्षं लोक नाही आल्यावर पुढे जात होते कारण अक्कल होती.

८ जुलै

मॅडमबरोबर बसून ठरवलं. एसओपीच्या दोन प्रती. कामाची प्रत जोडलेली, तिच्यात चित्र बदलत राहील. मंजूर प्रत गोठवलेली : मॅडम वाचतात, ठीक वाटलं की सगळं सिलेक्ट करून कंट्रोल शिफ्ट एफ९, त्याने फील्ड सुटतं आणि चित्र फाइलमध्येच कायमचं बसतं, मग पीडीएफ. बाहेर जाईल ती हीच, भिंतीवर लागेल तीही हीच. पण अनलिंक कॉपीवरच करायचं, मूळ फाइलवर केलं आणि सेव्ह झालं तर लिंक गेली. मी स्वतः एकदा केलंय म्हणून सांगतोय.

चित्राच्या तळाशी बारीक अक्षरात तारीख आणि वेळ पण छापायला लावली, एक्सेल शेवटची कधी बदलली ती, चित्र कधी बनलं ती नाही. आधी मी चित्राची वेळ टाकली होती आणि ताईंना वाटलं चार्ट रोज बदलतोय.

म्हणजे शेवटी मधे एक माणूस बसवलाच. मला सुरुवातीला ही हार वाटली, आता वाटत नाही. काढायचं काम आपोआप झालं, वाचायचं काम मॅडमकडे राहिलं, आणि आधी काढण्यातच इतका वेळ जायचा की वाचायला कोणी उरायचंच नाही.

१५ जुलै, मंगळवार

अकरापैकी आठ चार्ट टेबलात आले. उरलेले तीन निर्यातीचे, त्यांचे जाणकार गावी गेलेत.

दुपारी काकांचा न्हावा शेवाहून फोन. त्यांनी तिथल्या कॉम्प्युटरवरून कोणाला न विचारता तिसऱ्या तुकड्यात दोन ओळी घातल्या होत्या, तपासणीआधी माल रजिस्टर झालाय का बघा आणि नसेल तर करा.

"अरे, तुझ्या त्या अडचण फाइलीत लिहिलंय क५ ला नाही ची वाट कुठे जाते. मला विचारतंय."

"मग कुठे जाते काका?"

"कुठे जाणार, क६ ला. रजिस्टर करून परत क५ ला. थांब, लिहितो."

फोन चालूच होता, मागे ट्रेलरचा हॉर्न ऐकू येत होता आणि काका एका बोटाने टाइप करत होते. पुढच्या फेरीला चित्र बदललं. क६ वरून क५ कडे जाणारा बाण शेजारच्या डब्याच्या कोपऱ्याला घासून जातोय, तो उद्या बघतो.